अठरावा मजला कसा ओळखायचा

तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, आजीच्या खिडकीतून ढगाला हात लागतो का. नाही लागत. आमच्यावर अजून दहा मजले आहेत, आणि समोर नवी इमारत उभी राहते आहे ती पुरी झाली की आमची तिच्या कमरेला लागेल. गंमत मात्र खरी आहे. तुम्ही परदेशात, आणि राहता बैठ्या घरात. पुढे गवत, मागे सफरचंदाचं झाड. आम्ही दोघं म्हातारी पुनावळ्यात, आणि राहतो अधांतरी. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथल्या पुस्तकांत चित्रं बरोबर याच्या उलट असायची.

त्या इंग्रजीवरच पुढे मी ऑफिसातली नोकरी केली. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण आजोबांचं बोलणं इंग्रजीत उतरवलं की ते त्यांचं राहत नाही. अडेल तिथे आईला विचारा. तिला या गोष्टीतली फोनवरची बाजू माहीत आहे. इकडची मी सांगते.

आजोबा पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे जिथे यंत्रांचे साचे, म्हणजे डाय, आणि हत्यारं बनतात ती जागा. केसाएवढी चूक झाली तरी तिथे काम परत येतं. घरातली कॅलेंडरंसुद्धा ओळंबा लावून टांगणारा हा माणूस. त्यांना विसरायला होऊ लागलं तेव्हा पहिल्यांदा मला ते चेष्टाच करताहेत असं वाटलं. मग एकदा त्यांनी दाढीचा ब्रश फ्रीजमध्ये ठेवला, आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. हा आजार मागे जात नाही म्हणाले, पण सावकाश चालतो, आणि त्याला अजून सावकाश करायचं असेल तर एक गोष्ट मोडू नका: यांचं रोजचं फिरणं. जमेल तितके दिवस त्यांना एकट्यांना जाऊ द्या. एकट्यानं जाऊन एकट्यानं परत येणं हेच औषध आहे.

आम्ही निगडीचं घर विकून या इमारतीत आलो होतो ते त्यासाठीच. इथे लिफ्ट आहे, खाली गाड्या येत नाहीत अशी बाग आहे, गेटावर माणसं आहेत. साडेपाचला आजोबा बूट घालून खाली जायचे, बागेला फेऱ्या मारायचे, बाकावर बसून तिथल्या मंडळींना सल्ले द्यायचे आणि सहाच्या सुमारास वर यायचे. सगळं चोख चाललं होतं. मी त्या अर्ध्या तासात माझी कामं उरकायची.

अडचण लिफ्टमध्ये होती. आमच्यावरच्या एकविसाव्या मजल्यावर एक बाई गणिताची शिकवणी घेतात. सहाला त्यांचा वर्ग भरतो. सतराव्या मजल्यावरची दोन-तीन मुलं त्याच वेळी वर जायला लिफ्ट बोलावतात. म्हणजे आजोबा खालून निघाले की लिफ्ट सतराव्यावर थांबणार, दार उघडणार. दार उघडलं की आजोबा उतरणार. मुलं आत, आजोबा बाहेर. लिफ्टच्या स्पीकरमधली बाई इंग्रजीत मजल्याचा नंबर सांगते, पण तिच्या बोलण्याकडे आजोबांनी कधीच लक्ष दिलं नाही. त्यांच्या मते ती कुणा दुसऱ्याशी बोलत असते.

आणि बाहेर पडल्यावर काय दिसतं? तीच फिकट बदामी भिंत, तोच लाल अग्निशामक सिलिंडर, तीच गुळगुळीत फरशी. डावीकडे वळलं की तेच शेवटचं दार. आमच्या इमारतीत वरपासून खालपर्यंत एकच मजला पुन्हा पुन्हा रचलेला आहे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा सतराव्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या घराचं दार उघडं होतं. त्यांच्याकडे दिवसा दार उघडं ठेवायची सवय आहे. आजोबांनी बूट काढले, रॅकमध्ये ठेवले, आत जाऊन सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "पाणी दे गं."

त्या घरच्या वहिनींनी पाणी दिलं. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला आधी पाणी देतात, मग तुम्ही कोण ते विचारतात. त्यांचे यजमानही निवृत्त कामगार, दुसऱ्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमधले, जिथे डायखाली पत्रे दाबून भाग काढतात तिथले. मूळचे मराठवाड्यातले, पण सगळी हयात पिंपरीत गेलेली. ते मग आजोबांना घेऊन वर आले आणि आमच्या दारात उभे राहून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"वहिनी, मी आतल्या खोलीतनं बाहेर येतो, तर साहेब माझ्या जागेवर, माझा पेपर हातात. समोर आमची बुद्धाची मूर्ती, तिच्याकडे बघत विचार करत बसलेले. मला वाटलं मीच चुकीच्या घरात शिरलो का काय राव!"

आजोबा माझ्याकडे वळून रागानं म्हणाले, "सोफा कधी बदललास? मला विचारायचं तरी."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनाही हसू आलं, पण कशाला हसतोय ते त्यांना नीट कळलं नव्हतं. मला ते दिसलं.

त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं. सतराव्यावरच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट त्यांचं जमलं. आजोबा तिथे बसले की दोघांची कंपन्यांवरून जुंपायची.

"तुम्ही टूलरूमवाले एसीत बसून डाय बनवणार," सतराव्यावरचे म्हणायचे, "आणि आम्ही प्रेसवर रोज घरी जाताना बोटं मोजणार."

"माझ्या डायवर कुणाचं बोट गेलेलं नाही," आजोबा म्हणायचे. "वापरणारा अडाणी असला तर डाय काय करेल?"

"ऐका! अडाणी म्हणे. आणि घर कुणाला सापडत नाही?"

असं तोंडावर बोलणारं त्या दिवसांत आजोबांना दुसरं कुणी नव्हतं. बाकी सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं, मोठ्यानं आणि गोड बोलत. मीसुद्धा.

पण सतरावा मजला हा एकच काही मधला मजला नाही. एकदा ते बाराव्यावर उतरले, तिथे कुत्रं अंगावर आलं. आणि एका संध्याकाळी सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, आणि ते कुठेच नव्हते. सतराव्यावर फोन केला, तिथे नव्हते. बाकावरच्या मंडळींनी सांगितलं, मघाशीच वर गेले. गेटावरच्या माणसानं शपथेवर सांगितलं, बाहेर पडलेले नाहीत. म्हणजे ते इमारतीतच होते. अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीत.

उंच इमारतींत काही ठरावीक मजल्यांवर एक जागा मुद्दाम रिकामी ठेवावी लागते. आग लागली, खाली जाता आलं नाही, तर लोकांनी तिथे जमायचं. रेफ्यूज एरिया म्हणतात तिला. तिला तीन बाजूंना भिंत असते आणि चौथी बाजू उघडी, फक्त कठडा. आमच्याकडे ती पंधराव्या मजल्यावर आहे, नेमकी तिथे, जिथे आमच्या मजल्यावर आमचं दार आहे.

सतराव्यावरचे जिना उतरत एकेक मजला बघत गेले आणि त्यांना आजोबा तिथे सापडले. कठड्यापाशी उभे होते. खाली महामार्गावर गाड्यांचे दिवे लागले होते. वाऱ्यानं सदरा फडफडत होता. दोन्ही बूट त्यांनी हातात धरले होते, आणि रॅक कुठे गेला ते शोधत होते.

त्या रात्री तुमच्या आईचा फोन आला. मी तिला काही लपवत नाही, लपवलंही नाही. ती आधी रडली आणि मग एकदम ठाम झाली. तीही माझीच मुलगी.

"आई, बास. उद्यापासून दाराला आतून कुलूप. मला इथे झोप येणार नाही."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर पंधराव्या मजल्यावर गेले होते का शोधायला? नाही ना? मग."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी कुलूप लावलं. त्यांच्याबरोबर खाली जायला एक माणूसही ठेवला, पण दुसऱ्याच दिवशी आजोबांनी त्याला बागेतून घालवून दिलं. "मी काय कैदी आहे, मागे हवालदार घेऊन फिरायला?" मी स्वतः बरोबर गेले, तर ते फेरी न मारता बाकावर बसून राहिले आणि म्हणाले, चल, तुला कामं असतील. माझ्या गुडघ्यांचीही त्यांना काळजी होती. सगळं विसरले तरी हे विसरत नव्हते.

मग ते खाली जाईनासे झाले. साडेपाचला बूट मात्र घालायचे. दाराजवळच्या स्टुलावर बूट घालून बसायचे, हात गुडघ्यांवर. सात वाजले की मी सांगायचे, आता काढा, आणि ते काढायचे. हळूहळू जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. जे बोलायचे ते मला भरकटल्यासारखं वाटायचं. सारखं एकच: "मार्किंग नाही. बेला नंबर नाही. माणूस जाणार कुठे?" मी हो हो म्हणायचे आणि त्यांच्या पायांवर पांघरूण घालायचे.

तुमच्या आईला मी यातलं थोडंसंच सांगितलं. कुलूप काढ असं म्हणायची तिची तयारी नव्हती, आणि ठेव असं म्हणताना तिचा आवाज फाटत होता.

एका रविवारी सतराव्यावरचे आमच्याकडे आले. त्याच वेळी आमच्या मजल्यावरची शेजारीणही पाटवडीची ताटली घेऊन आली होती. ती मूळची रत्नागिरीची, चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या कामावर आहे. पहाटेच्या शिफ्टला कंपनीच्या बसनं जाते, त्यामुळे आठवडाभर आमची गाठ पडत नाही. आजोबा स्टुलावर. सतराव्यावरच्यांनी विचारलं, "काय साहेब, येत नाही आमच्याकडे? पाणी मागायला तरी या."

"मार्किंग नाही," आजोबा म्हणाले. "कुठल्या बेमध्ये उभा आहे ते कळत नाही. असा शॉप चालतो का?"

मी म्हणाले, "हे असंच चाललंय हल्ली."

सतराव्यावरचे हसले नाहीत. "वहिनी, साहेब बरोबरच बोलतायत की. कारखान्यात शेड असते केवढी, सगळीकडे सारखीच. तिचे भाग पाडलेले असतात, त्यांना बे म्हणायचं. प्रत्येक खांबावर मोठा नंबर, खाली जमिनीवर पट्टे. नवा पोरगा आला तरी सांगायचं, जा, हिरव्या पट्ट्यानं जा, सी-सात खांबापाशी थांब. तो चुकत नाही."

"आमच्याकडे तर झाडूच्या जागेवरही झाडूचं चित्र काढलेलं असतं, काकू," शेजारीण म्हणाली. "झाडू नसला तरी कळावं, झाडू इथला आहे." मग ती एकदम उठली. "चला हो, लिफ्टमध्ये उभं राहून बघू, काकांना काय दिसतं ते."

आम्ही चौघं लिफ्टमध्ये गेलो. वर गेलो, खाली आलो, प्रत्येक मजल्यावर दार उघडून नुसतं समोर बघितलं. बदामी भिंत. बदामी भिंत. बदामी भिंत. मजल्याच्या नंबराची स्टीलची छोटी पाटी आहे, पण ती दाराच्या बाजूच्या भिंतीवर, बाहेर पडून मागे वळल्याशिवाय दिसत नाही. तेराव्यावर दार उघडलं तेव्हा मी क्षणभर पाय बाहेर टाकला. माझं घर समजून.

आजोबा माझ्या कोपराला धरून म्हणाले, "अगं, थांब. हे कुठलं ते आधी बघ."

सोसायटीच्या नियमांप्रमाणे लॉबीत काही लावायचं, टांगायचं, रंगवायचं नाही. सगळे मजले एकसारखे दिसले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी नियमानं चालणारी बाई आहे, म्हणून नियमानंच गेले. अर्ज लिहिला, सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावला, आणि खालच्या हॉलमध्ये उभी राहून तो वाचला. लिफ्टच्या दारासमोरची एकच भिंत, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग, आणि त्यावर माणसाच्या उंचीचा मजल्याचा आकडा. बाकी कशाला हात लावणार नाही.

वाचून झालं. आजोबा माझ्या शेजारी बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. सगळे त्यांच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

वरच्या मजल्यावरचा एक तरुण उठला. पोरगा सभ्य होता. "काकू, तुमची अडचण कळते. पण आम्ही इथे घर घेतलं ते लुक बघून. उद्या विकायचं म्हटलं तर? ही प्रीमियम बिल्डिंग आहे, फॅक्टरी नाही."

"दादा," आमची शेजारीण मागून म्हणाली, "या प्रीमियम बिल्डिंगचे अर्धे हप्ते फॅक्टरीतूनच येतात."

हॉल हसला. तो तरुणही हसला, पण बसला नाही. "मग माझ्या कंपनीतही भिंतींवर असलंच लिहिलेलं असतं. निदान घरी तरी ते नको वाटतं मला." मला त्याचं म्हणणं पटलं.

चेअरमन आमचे पुनावळ्याचेच, जुन्या घराण्यातले. ज्या रानावर ही इमारत उभी आहे ते त्यांच्या आजोबांचं. ते आता खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"एक विचारतो. खरं सांगा, लाजू नका. ह्या बिल्डिंगमधी चुकून दुसऱ्याच मजल्यावं कोन कोन उतरलंय?"

कुणी हात वर करेना. मग शिकवणीच्या बाईंनी केला. मग एका गृहस्थांनी अर्धा, डोकं खाजवल्यासारखा. मग एक एक करत, एकमेकांकडे बघत, हसत, निम्म्याहून जास्त हॉलनं हात वर केला. कुणी म्हणालं, मी दुसऱ्याचं पार्सल उचलून आणलं होतं. कुणी म्हणालं, आमच्या सासूबाईंनी भलत्याच दारापुढे रांगोळी काढली, आणि त्या घरच्यांना वाटलं कुणी करणी केली. त्या तरुणाची बायको मोठ्यानं म्हणाली, "हे तर उतरलेत! हात वर करा की हो." त्यानं केला.

चेअरमननी शेवटी स्वतःचा हात वर केला. "लग्नावनं आलो. थकलो व्हतो. चावी लावतोय, दार उघडंना. खांद्यानं ढकलाया लागलो. आतनं बाई वरडली, चोर आला, चोर आला! आता सांगा. रान आमचं, आन चोरबी मीच."

हसणं थांबेपर्यंत ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्याच रानात मी अंधारातबी कधी वाट चुकलो न्हाई. आंब्यापाशी वळायचं, हिरीपाशी थांबायचं, बांधाबांधानं घरी. हितं वळाया हाय काय? काकांचं सोडा, व्हय, आपन समदेच त्या वाटेनं जानार हाय. आज काका. उद्या आपन. मी म्हनतो, भिंत रंगवू."

तरुण म्हणाला, "भडक नको, एवढंच." ठराव झाला. सिलिंडर झाकायचा नाही, खिळा मारायचा नाही, रंग त्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या संमतीनं ठरवायचा.

शेवटची अट वाचायला सोपी होती. तुम्हाला वाटत असेल की सभा हीच अवघड गोष्ट. छे. चार घरांनी मिळून एक रंग निवडणं, हे खरं अवघड. आमच्या इमारतीतली माणसं बीडची, जळगावची, कोकणातली, विदर्भातली, अशी कुठून कुठून नोकरीच्या मागे आलेली. चार वर्षं शेजारी राहून एकमेकांना नुसती मान हलवत होती. आता रंगाच्या दुकानातली पुस्तिका घेऊन लॉबीत उभी राहून भांडायला लागली. भांडायला लागल्यावर चहा आला. एका मजल्यावर दोन घरं अबोल्याची होती, ती जांभळ्या रंगाविरुद्ध एक झाली. तेविसाव्यावर अजून एकमत नाही. तिथे भिंत बदामीच आहे, आणि आता तीच त्यांची खूण झाली आहे.

सतराव्यानं पिवळा घेतला, कारखान्यात यंत्राच्या कठड्याला असतो तसा. आमच्या मजल्यावर मला निळसर राखाडी हवा होता. शेजारणीलाही चालला असता. आजोबांनी पुस्तिका हातात घेतली, पानं उलटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. मशीनचा हिरवा. जुन्या लेथ मशीनला असायचा तो, जरा मातकट, जरा धुरकट. मी म्हणाले, लॉबीत हा फार उदास दिसेल.

"हाच," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांनी कशाबद्दल इतकं ठाम सांगितलं नव्हतं. हिरवा ठरला.

भिंतीला रंग लागल्यावर आकडा कोण काढणार असा प्रश्न आला. शेजारणीनं कागदाचा साचा आणला होता. आजोबांनी तो बाजूला ठेवला. दोरा मागितला, ओळंबा मागितला, पेन्सिल मागितली. मधली उभी रेघ आखली, तिच्यापासून दोन्हीकडे मापं घेतली, आणि एक आणि आठ हे दोन आकडे असे आखले की त्यांना पुन्हा खोडायची गरज पडली नाही. आठाच्या गोलासाठी त्यांनी खिळ्याऐवजी माझं बोट भिंतीवर दाबून धरायला लावलं आणि दोरा त्याभोवती फिरवला. "हलू नकोस," म्हणाले. मी हलले नाही. त्या दिवशी सकाळी ते मला माझी बहीण समजून तिच्या मुलांची चौकशी करत होते. पण आठ कसा आखायचा ते त्यांच्या हातात शाबूत होतं.

रंग शेजारणीनं भरला, शिफ्टहून आल्यावर, तोंडाला रुमाल बांधून.

मग कुलपाचा प्रश्न. तुमच्या आईला मी फोनवरून सगळी भिंत दाखवली. लिफ्टमध्ये उभी राहिले, दार उघडेपर्यंत कॅमेरा धरला, बारा, पंधरा, सतरा, अठरा. पंधराव्यावर लोकांनी भगवा रंग दिला आहे, आणि रेफ्यूजच्या दारावर चेअरमननी आपोआप बंद होणारी झडप बसवून घेतली आहे. जोरानं ढकललं की ती दोन्हीकडून उघडते, पण नकळत कुणी कठड्यापर्यंत जात नाही. तिनं सगळं पाहिलं.

"आई, तरी चुकले तर?"

"तर कुणाच्यातरी घरी पाणी मागतील," मी म्हणाले. "आता प्रत्येक मजल्यावर कुणीतरी त्यांना ओळखतं. रंगावरून भांडताना सगळ्यांना ते माहीत झालेत."

"तुला खात्री आहे?"

"नाही. पण ते बूट घालून बसतात, ते मला रोज बघावं लागतं."

ती म्हणाली, काढ कुलूप.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आजोबा उठले, दार उघडं आहे हे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघाले. मी खाली फोन करून कुणाला लक्ष ठेवायला सांगितलं नाही. खिडकीशीही गेले नाही. अठराव्या मजल्यावरून बागेतली माणसं ओळखू येत नाहीत, उगाच जीव खालीवर होतो. मी कपाटातले डबे काढून पुसत बसले. ते स्वच्छच होते. सहा वाजता मी चहा टाकला.

सहा वाजून गेले. चहा उकळून गाळून झाला. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, मी उठले, तर समोरच्या घरातली माणसं होती. फोन वाजला. सतराव्यावरच्या वहिनी.

"ताई, साहेब इथं आलेत हो."

मी खाली बसले. सभा, ठराव, रंग, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आता तुमच्या आईला काय सांगू, याची वाक्यं मी जुळवायला लागले. "पुन्हा चुकून आले का?" मी विचारलं.

फोनमधून आजोबांचाच आवाज आला. "चुकून कसा येईन? समोर पिवळा दिसला, सतरा लिहिलेला. म्हणून तर उतरलो. या प्रेसवाल्याचा हिशेब चुकता करायचा राहिला होता." मागून कुणीतरी हसत काहीतरी म्हणालं, आणि आजोबांनी त्याला उत्तर दिलं, आणि मग पुन्हा मला म्हणाले, "चहा झाला की वर येतो. तू थांबू नकोस."

मी त्यांच्यासाठी गाळलेला चहा स्वतःच प्यायले. निवला होता. चांगला लागला.

हे कायमचं नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरलेले नाही. एक दिवस हिरवा आणि पिवळा यांतला फरकही त्यांच्या हातून निसटेल, तेव्हा दुसरं काहीतरी करू. आमची ही पहिलीच पिढी आहे, जी अशी एकावर एक रचून राहते. गावात कसं राहायचं, चाळीत कसं राहायचं, हे आपल्याला आधीच्यांनी शिकवलं होतं. उभ्या गावात कसं राहायचं हे सांगायला कुणी नव्हतं, आम्हीच चुकत चुकत शिकतो आहोत. समोरच्या नव्या इमारतीत राहायला येणारी काही मंडळी परवा आमच्या भिंती बघायला आली होती. चेअरमननी त्यांना एकेक मजला फिरवून दाखवला, आपणच सगळं रंगवल्यासारखं.

तुम्ही याल तेव्हा गेटावर कुणाला आमचं नाव विचारू नका. लिफ्टमध्ये चढा, दार उघडलं की समोर बघा. पिवळा दिसला तर उतरायला हरकत नाही, तिथे पाणी मिळेल, आणि सहा ते सातच्या मध्ये आलात तर बहुतेक आजोबाही तिथेच असतील.